सर्व वयोगटांच्या गानवृंदाची पट्टी, गाण्यांची निवड आणि न जुळणारे आवाज : मार्गदर्शन हवे

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. गेल्या गणेशोत्सवात नाशिकमधील आमच्या वसाहतीत दहाही दिवस आरतीला भरपूर माणसे जमली. विसर्जनानंतर आता सगळे पुन्हा आपापल्या दारांआड जाणार, ही हुरहुर एका आजींनी बोलून दाखवली आणि त्यातूनच दर रविवारी संध्याकाळी 5 ते 6.30 या वेळात एकत्र गाण्याची कल्पना निघाली. आज आम्ही 31 जण आहोत. सर्वांत लहान मुलगी 8 वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ आजोबा 79 वर्षांचे आहेत. मी स्वतः शास्त्रीय गायनाच्या काही परीक्षा दिल्या आहेत आणि पेटीवर साथ करण्यापुरता माझा हात बसलेला आहे. मात्र एकट्याने गाणे आणि तीस जणांना गायला लावणे या दोन अगदी वेगळ्या विद्या आहेत, हे या तीन महिन्यांत मला पुरते कळून चुकले आहे.

पहिली अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर ठेवायचा याची. काळी 4 घेतली की स्त्रिया आणि मुले मोकळेपणाने गातात, पण पुरुष मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) स्त्रियांच्याच सप्तकात उचलतात, अंतऱ्यात (पुढच्या, वर चढणाऱ्या भागात) आवाज पोहोचेनासा झाला की ओरडू लागतात किंवा ओळीच्या मध्येच खालच्या सप्तकात उतरतात. काळी 1 घेतली तर पुरुषांची सोय होते, पण स्त्रियांचा मुखडा घशातच राहतो आणि मुलांचे तर नुसते ओठ हलताना दिसतात. दुसरी अडचण 13-14 वर्षांच्या तीन मुलांची आहे. त्यांचे आवाज नुकतेच फुटू लागले आहेत आणि आवाज चिरकला की बाकीची मुले हसतात. त्यांपैकी एकाने दोन रविवारांपासून येणे बंद केले आहे.

तिसरी गोष्ट लिहिताना मन जड होते. आमच्यात 71 वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते कधीही चुकवत नाहीत, शब्द पाठ करून येतात आणि सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरतात. पण त्यांचा आवाज चालीबरोबर वर-खाली होत नाही, सर्वांच्या खाली कुठेतरी एका सुराच्या आसपासच राहतो. एके दिवशी खुर्च्या उचलताना त्यांनी मला सांगितले की, चौथीत असताना शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी गुरुजी त्यांना म्हणाले होते, 'तू नुसते ओठ हलव', आणि त्यानंतर कालपरवापर्यंत ते कधीही मोठ्याने गायले नव्हते. आता वसाहतीच्या समितीतील काही जणांनी सुचवले आहे की, गुढीपाडव्याला कार्यक्रम करायचा असेल तर आवाजांची चाचणी घ्यावी, मुलांचा आणि ज्येष्ठांचा गट वेगळा करावा आणि 'जमणाऱ्यांनाच' मंचावर उभे करावे. मला हे मान्य नाही, पण माझ्याकडे दुसरा उपायही नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : पेटीवादक

आपण पट्टीबद्दल विचारले आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच, पण सविस्तर लिहितो. भजनी मंडळे आणि शाळांचे वृंद यांना मी बरीच वर्षे साथ करत आलो आहे, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी हीच चूक पाहिली आहे: आपण 'सा' कुठे ठेवायचा याचा विचार करतो आणि गाण्याचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा सूर कोणता, हे पाहतच नाही. एकट्या गायकाची पट्टी ठरलेली असते, कारण त्याला त्या एका षड्जावरून, म्हणजे 'सा'वरून, तिन्ही सप्तकांत फिरायचे असते. वृंदाला ठरलेली पट्टी नसते. प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी काढावी लागते.

न शिकलेल्या, संमिश्र वयाच्या गटाला सुखाने गाता येईल असा टापू पेटीवर सांगायचा तर तो खालच्या सप्तकातील पांढरी 6 पासून, मधले सप्तक ओलांडून, वरच्या सप्तकातील पांढरी 2 पर्यंतचा आहे. स्त्रिया आणि मुले तो त्यांच्या सप्तकात गातील आणि पुरुष बरोबर त्याच्या खालच्या सप्तकात. आता आपले गाणे या चौकटीत बसवून पाहा. चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातील 'प'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) फिरत असेल, तर षड्ज पांढरी 2 वर ठेवल्याशिवाय ती चौकटीत मावणारच नाही. चाल मध्य षड्जाच्या खाली उतरत नसेल आणि तार रिषभापर्यंतच (वरच्या 'रे'पर्यंत) चढत असेल, तर काळी 5 घ्यावी. म्हणजे खालीही थोडी जागा उरते आणि वरही. ज्या गाण्याची चाल या टापूत कोणत्याच पट्टीने मावत नाही, ते गाणे कितीही आवडते असले तरी सर्वांनी मिळून गाण्याचे नाही, असे समजून बाजूला ठेवावे. पुष्कळशी भावगीते आणि चित्रपटगीते एका तयार गळ्यासाठी बांधलेली असतात, अंतऱ्यात ती तार सप्तकात बरीच वर जातात, आणि तिथेच तीस माणसांचा वृंद फुटतो.

आपल्या पुरुषमंडळींची अडचण आवाजाची नसून सुरुवातीची आहे. पेटीवर एकच षड्ज वाजतो, तो स्त्रियांच्या सप्तकातला असतो, आणि पुरुष कानाला येईल तोच सूर धरतात. म्हणून गाणे सुरू करण्यापूर्वी दोन षड्ज वेगवेगळे द्यावेत. आधी खालचा वाजवून फक्त पुरुषांकडून मुखड्याची पहिली ओळ म्हणवून घ्यावी, मग वरचा वाजवून स्त्रिया व मुलांकडून तीच ओळ घ्यावी आणि त्यानंतरच दोघांना एकत्र आणावे. चार-पाच रविवार हे नेमाने केले की पुरुषांना त्यांचे घर सापडते आणि अंतऱ्यात कोणी मधेच खाली उडी मारत नाही.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. पेटीवर चाल सतत वाजवत राहू नये. पेटी बोलत राहिली की माणसे पेटीच्या मागे चालतात आणि एकमेकांचे ऐकत नाहीत. गाणेही अर्धी मात्रा मागे ओढले जाते. शिकवताना चाल वाजवावी, पण गाणे बसले की फक्त षड्ज-पंचम धरून ठेवावा आणि शेवटच्या दोन तालमींत तोही काढून घ्यावा.

उत्तर 2 : झीलकरी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला आवाज फुटलेल्या मुलांविषयी आणि त्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, कारण समितीची सूचना अमलात आली तर पहिला घाव त्यांच्यावरच बसणार आहे.

सर्वांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळ गायलीच पाहिजे, असे आपल्या परंपरेत मुळीच नाही. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि झीलकरी 'जी जी जी'ची झील उचलतात. ती झील नसेल तर शाहिराला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. कीर्तनात बुवा अभंगाचे चरण सांगतात आणि मागचे टाळकरी ध्रुवपद लावून धरतात. सनईच्या जोडीला एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो, त्याला एकही तान घ्यायची नसते, आणि तरीही तो थांबला तर मुख्य सनई उघडी पडते. म्हणजे कमी सुरांत गाणाऱ्याला मानाचे काम देण्याची सोय आपल्या परंपरेने आधीच करून ठेवलेली आहे, आणि वेगवेगळ्या वयाच्या वृंदात ती फार उपयोगी पडते.

आवाज फुटणारा मुलगा काही महिने चार-पाच सुरांतच सुरक्षित असतो, आणि ते सूर दर महिन्याला थोडे खाली सरकत जातात. त्याला 'तू गप्प बस' असे सांगण्याऐवजी झील द्यावी, म्हणजे प्रत्येक कडव्याच्या शेवटी येणारे दोन-तीन सुरांचे, ठसक्याचे पालुपद द्यावे. तीनही मुलांना पुरुषांच्या रांगेत, शांत स्वभावाच्या मोठ्या माणसांच्या शेजारी उभे करावे. लहान मुलांच्या घोळक्यातून ती बाहेर पडली की हसणे बहुतेक आपोआप थांबेल, कारण त्यांची जागा बदललेली आहे आणि ती बढती आहे, हे सर्वांना दिसेल. न येणाऱ्या मुलाला घरी जाऊन आपण स्वतः बोलवावे. निरोप पाठवू नये.

आता त्या गृहस्थांविषयी. आवाज एका सुराभोवती राहतो याचा अर्थ कान नाही, असा क्वचितच असतो. बहुतेकदा त्या माणसाने आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजाला जाऊन मिळाल्याचा अनुभवच कधी घेतलेला नसतो. लहानपणी थांबवलेल्या माणसांत हे मी अनेकदा पाहिले आहे. आपण सूर देतो आणि 'याला मिळवा' असे सांगतो, पण त्यांच्यासाठी तेच सर्वांत अवघड काम असते. म्हणून उलट करावे. तालीम संपल्यावर, इतर कोणी नसताना, त्यांना सहज येईल तो कोणताही एक सूर 'आ'कारात लावायला सांगावा आणि आपण त्यांच्या सुराला जाऊन मिळावे. दोन आवाज एक होतात तेव्हा छातीत आणि कानात एक प्रकारची स्थिरता जाणवते, ती त्यांना प्रथमच जाणवेल. ती ओळखीची झाली की आपण अगदी अर्ध्या सुराने वर सरकावे आणि त्यांना सोबत येऊ द्यावे. घाई करू नये. एका बैठकीत दोन सूर पुरे. पुढे गटात त्यांच्याच सुरावर सर्वांनी एकदा षड्ज लावावा, मात्र तो कोणाचा सूर आहे हे सांगू नये.

उभे राहण्याची जागाही महत्त्वाची आहे. त्यांना शेवटच्या रांगेच्या टोकाला ठेवले तर त्यांना फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येईल. मधल्या रांगेत ठेवावे आणि पक्क्या सुराचा पुरुष त्यांच्या बरोबर मागे, कानाजवळ उभा करावा. एवढे करूनही काही ओळी जमल्या नाहीत तर त्या ओळींत त्यांनी षड्ज धरावा, ओठ मात्र नुसते हलवू नयेत. ते वाक्य त्यांनी एकदा ऐकले आहे आणि त्याची किंमत 61 वर्षे मोजली आहे. तेच वाक्य मंचावर 'जमणाऱ्यांनाच' उभे करण्याच्या रूपाने पुन्हा त्यांच्यापुढे येणार असेल, तर पाडव्याचा कार्यक्रम न झालेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 3 : पणजीकर

गोव्याचा अनुभव थोडक्यात सांगते. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत असत, त्यामुळे गावोगावच्या गायनवृंदांत दोन-तीन पिढ्या शेजारी उभ्या राहून वेगवेगळ्या ओळी गातात, याचे कोणालाही नवल वाटत नाही. मांडो हा गीतप्रकारही दोन आवाजांत गाण्याची रीत आहे. वरचा आवाज चाल गातो आणि दुसरा आवाज तिच्या खालून, बहुधा तिच्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर, तिच्याबरोबरच चालतो. साथीला व्हायोलिन आणि घुमट (मातीचे चर्मवाद्य) असते. माझ्या शेजारच्या घरी आजी दुसरा आवाज धरते आणि नात पहिला. आजीचा आवाज वयाने खाली उतरला, म्हणून तिचे गाणे थांबले नाही. तिची ओळ तेवढी बदलली.

ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत हे आपणही लक्षात घ्यावे, असे सुचवते. साठीनंतर पुष्कळ जणींचा आवाज खाली येतो आणि वरच्या सुरांना कंप सुटतो. त्यांना तरुण मुलींबरोबर तार षड्जापर्यंत ओढण्यापेक्षा दोन-तीन गाण्यांत खालची वेगळी ओळ द्यावी. मात्र रागावर बांधलेल्या चालीला असा दुसरा आवाज जोडताना जपावे लागते. अंतर मोजून यांत्रिकपणे ओळ लिहिली तर वर्ज्य (त्या रागात न चालणारे) स्वर येतात आणि मराठी कानाला ते लगेच खटकते. अशा ठिकाणी नुसता षड्ज-पंचम धरलेला अधिक शोभतो.

उत्तर 4 : सातासमुद्रापार

मी इंग्लंडमधील एका लहान शहरात राहते आणि गेली सहा वर्षे तिथल्या एका सामुदायिक गायनवृंदात गाते. या देशात नॅचरल व्हॉइस नेटवर्क नावाची गायनशिक्षकांची संघटना आहे. गाणे हा प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे तिचे शिक्षक मानतात. आमच्या शिक्षिका त्याच विचाराच्या आहेत. आमच्याकडे आवाजाची चाचणी नसते आणि स्वरलेखन वाचता यावे, ही अटही नसते. शिक्षिका एक ओळ गातात, आम्ही ती परत गातो, आणि चार-पाच वेळा ऐकून-गाऊन ती अंगात मुरते. पहिल्या दिवशी मला हे परके वाटलेच नाही, कारण आपल्याकडे गुरूसमोर बसून गाणे असेच घेतले जाते आणि आजीकडून भूपाळ्याही आपण अशाच शिकलो. चाचणी न घेता इतकी वर्षे आमचा वृंद टिकला आहे, एवढे आपण समितीला निःसंकोच सांगावे.

मुलांसाठी एक युक्ती सुचवते. इथे पाठोपाठ सुरू होणारी गाणी फार गातात: पहिला गट ओळ सुरू करतो, तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिली ओळ धरतो, मग तिसरा गट येतो, आणि सगळ्यांना एकच साधी चाल येत असूनही ऐकताना तीन पदरी वीण ऐकू येते. एकदा शिक्षिकांनी मला माझ्या भाषेतले काही शिकवायला सांगितले, तेव्हा मी भूप रागातला सारेग, रेगप, गपध, पधसां हा अलंकार (सरावाचा स्वरक्रम) घेतला आणि तीन गटांत पाठोपाठ गाऊन घेतला. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणून अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोन स्वर त्यात कुठेही येत नाहीत, आणि कोणत्याही क्षणी कोणतेही दोन स्वर एकत्र वाजले तरी कानाला टोचत नाहीत. एखाद्याचे पाऊल चुकले तरी गाणे बिघडत नाही. मुलांना यात शर्यतीची गोडी लागते आणि मोठ्यांना दुसऱ्याचे ऐकत स्वतःचे धरून ठेवण्याची सवय होते. आपल्या तालमीची पहिली दहा मिनिटे यासाठी ठेवून पाहा.

आणखी दोन लहानशा गोष्टी. शब्दांचे कागद मोठ्या, ठळक अक्षरांत छापावेत, कारण ज्येष्ठांची मान कागदात गेली की आवाज छातीतच अडतो. आणि लांब ओळीत सर्वांनी एकाच जागी श्वास घेऊ नये. शेजाऱ्याने घेतला की आपण धरायचा, अशी आळीपाळी ठरवावी. मग 79 वर्षांच्या आजोबांना आणि 8 वर्षांच्या मुलीलाही वाटेल तिथे थांबता येते आणि ओळ तुटत नाही.

प्रश्नकर्तीकडून : गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाच रविवारांनंतर लिहीत आहे.

आमच्या यादीतील नऊ गाण्यांपैकी चार गाणी पांढरी 6 ते पांढरी 2 या चौकटीत बसेनात. दोन गाणी सोडताना काहींना वाईट वाटले, उरलेल्या दोनांचे अंतरे आता दोघी-तिघी गातात आणि मुखडा सर्व जण. पुरुषांना वेगळा षड्ज देण्याचा परिणाम दुसऱ्याच रविवारी दिसला. कार्यक्रमाचा शेवट पसायदानाने करायचा ठरला आहे. त्याच्या नऊ ओव्यांची वाटणी आम्ही अशी केली आहे की, पहिली ओवी एकट्या ज्येष्ठांची, त्यापुढे एकेका ओवीला एकेक गट वाढत जाईल, मुले चौथ्या ओवीला येतील आणि तिथून शेवटपर्यंत सर्व जण. मुलांना तीन ओव्या शांत बसून ऐकायला लागते, ही मला भीती होती, पण आपली ओवी चुकू नये म्हणून ती इतकी कान देऊन ऐकतात की, त्यांना आता पहिल्या तीनही पाठ झाल्या आहेत. ताल मात्र अजून ओढला जातो, विशेषतः टाळ्या वाजवत गाताना, त्यामुळे टाळ्या सध्या बंद ठेवल्या आहेत. न येणारा मुलगा परत आला आहे. त्याच्या घरी मी दोनदा गेले.

समितीला मी चाचणी घेणार नसल्याचे कळवले आहे. मंचाची लांबी मोजली. तीन रांगांत 31 माणसे मावतात.

त्या गृहस्थांबरोबर दर रविवारी तालमीनंतर वीस मिनिटे बसते. पहिल्या दिवशी त्यांनी सूर लावला तो पांढरी 1 च्या जवळचा होता. मी माझ्या खालच्या आवाजात त्याला जाऊन मिळाले, तसे ते गाता गाता थांबले आणि पेटीकडे पाहू लागले. पेटी बंद होती. त्यांना वाटले होते की मी भाता हलवला. तो आवाज आपल्या दोघांचाच होता, हे मी सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तोच सूर पुन्हा लावला. आता ते चार सुरांपर्यंत बरोबर येतात, पंचमाला अजून अडतात. गेल्या रविवारी सर्वांनी त्यांच्याच सुरावर षड्ज लावला, आणि मी कोणालाही काही सांगितले नव्हते, तरी त्यांना तो ओळखू आला.